कारखान्यातल्या फिटरने नवीन जुगत काढली तर पेटंट घ्यावं का? नाव कुणाचं लावावं?

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आधी वडील चालवायचे, आता मी बघते. एका गोष्टीवर जाणकारांचा सल्ला हवाय, म्हणून हा धागा.

ज्यांनी टॉवेलचा माग चालताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. टेरी टॉवेलच्या, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या, मागाला दोन बीम (उभा धागा गुंडाळलेले मोठे रूळ) असतात. एक जमिनीच्या, म्हणजे कापडाच्या मूळ विणीच्या, धाग्याचा, तो कडक ताणलेला. दुसरा पाइलचा, म्हणजे ज्याचे लूप होतात त्याचा, तो सैल. फणी पहिले दोन आडवे धागे पूर्ण ठोकत नाही, कापडापासून थोडे अलीकडेच ठेवते. तिसरा धागा पडला की मग तिन्ही एकदम ठोकते. तिन्ही धागे कडक ताण्यावरून (उभ्या धाग्यांवरून) पुढे सरकतात, पाइलचा सैल धागा त्यांच्यात अडकून सोबत ढकलला जातो आणि त्याला वर यायला जागा मिळते. तो लूप. डोळ्यासमोर बघितलं तरी पटकन कळत नाही, इतक्या वेगात होतं हे.

आता अडचण. पाइलचा बीम भरलेला असताना त्याचा घेर मोठा, संपत आला की लहान. घेर बदलला की धाग्यावरचा ताण बदलतो, ताण बदलला की लूपची उंची बदलते. एकाच बीमवरचा पहिला टॉवेल आणि शेवटचा टॉवेल वजनाला वेगळा भरतो. व्यापारी माल वजनावर घेतो. म्हणून फिटरला अधूनमधून येऊन बीमच्या दोरीवरचं वजन सरकवावं लागतं. नव्या रॅपियर मागांवर हे सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, पण सोलापुरात अजून कितीतरी शेडमध्ये जुनेच माग आहेत आणि ते लवकर जाणार नाहीत.

आमच्या फिटरमामांनी यावर एक जोड बनवलाय. भंगारातल्या लोखंडाचा, वीज लागत नाही. मागच्या बाजूच्या दोन मागांवर चालू आहे आणि लूप बीम संपेपर्यंत एकसारखा येतोय. कसा चालतो ते मुद्दाम इथे लिहीत नाही, समजून घ्या. एक मशिनरीवाला माल बघून खोदून खोदून विचारत होता, त्यालाही दाखवला नाही.

प्रश्न दोन. याचं पेटंट घ्यावं का? आणि घेतलं तर नाव कुणाचं? माझं मत आधीच सांगते : नाव मामांचंच. आमच्या शेडमध्ये जे काही खडखडतंय त्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे कुणीतरी माणूस आहे. चादरीवर मोर आणि वेलबुट्टी उमटते ती फ्रान्समधल्या ल्योंच्या जाकारमुळे. १८०४ साली त्याने भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारं यंत्र केलं. भोक असलं तर हूक वर जातो आणि त्याच्याबरोबर धागा उचलला जातो, नसलं तर खालीच राहतो. त्याच्याआधी बूशों, फाल्कों आणि व्होकान्सों या तिघांनी त्यावर डोकं चालवलं होतं. शेडमध्ये दिवसातून कितीदा आपण ‘जकार्ड, जकार्ड’ म्हणतो. तसं मामांचंही नाव कुठेतरी पक्क्या कागदावर राहिलं पाहिजे, असं मनापासून वाटतं.

जुळे_सोलापूरकर

ताई, जोडाबद्दल वाचून आनंद झाला. पण पेटंटचा नाद करू नका असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या वडिलांनी कांड्या भरायच्या मशीनला एक सुधारणा केली होती. एका प्रदर्शनात मोठ्या हौसेने मांडली. पुढच्या वर्षी तीच वस्तू दुसरा कुणीतरी विकत होता आणि वडिलांच्या हाती काही लागलं नाही. कोर्टकचेरी करायला आपल्याकडे वेळही नाही आणि पैसाही नाही.

ही गोष्ट आजची नाही. धावता धोटा (आडवा धागा नेणारा) काढणारा जॉन के बघा. इंग्लंडमधल्या बरीचा माणूस. त्याच्याआधी विणकर एका हाताने धोटा टाकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा. पन्हा मोठा असला तर दोन माणसं लागायची. के ने दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या, दोरीचा एक झटका दिला की धोटा या पेटीतून त्या पेटीत. १७३३ ला पेटंट मिळालं. लँकेशायर म्हणजे तिकडचा कापडधंद्याचा भाग, त्या सगळ्याने धोटा वापरला, पैसे मात्र कुणी देईना. कारखानदारांनी चक्क वर्गणी काढून मंडळ केलं, के ने कुणावर दावा लावला की खर्च त्या मंडळाने करायचा. दावे लढता लढता के कफल्लक झाला आणि शेवटी फ्रान्सला गेला. तिथेच वारला. पेटंट हातात असून!

कागदपत्र

ताणाबाणा ताई, पेटंटच्या अर्जांचं काम करते, म्हणून जरा मुद्द्याचं लिहिते.

पहिली गोष्ट, जोड कसा चालतो हे इथे लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत. कुणालाही वाचता येईल असं एकदा छापलं गेलं की नावीन्य गेलं, मग तुम्ही स्वतः लिहिलेलं असलं तरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ नको, प्रदर्शन नको, विक्री तर नकोच. जुळे_सोलापूरकर दादा, तुमच्या वडिलांचं झालं ते याच ठिकाणी. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच. कुठल्याही हॉलमधल्या प्रदर्शनाला ती लागू नाही, आणि हे कारागिराला आधी कुणी सांगत नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

दुसरं, खर्च. लोक लाखाचे आकडे ऐकून घाबरतात. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पुढे तपासणीच्या अर्जाला ४,०००. एजंट केला तर त्याची फी वेगळी, पण एजंट केलाच पाहिजे असं नाही.

तिसरं, घाई असेल तर तात्पुरता तपशील देऊन अर्ज टाकता येतो. तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पण तात्पुरता म्हणजे दोन ओळी खरडून नव्हे. जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते, ती राहिली तर अर्ज बाद. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, मध्ये नूतनीकरणाची फी भरत राहायची.

नावाचं : शोधक म्हणून मामांचंच नाव लागणार, तुमची इच्छा असो वा नसो, कारण शोध त्यांचा आहे. अर्जदार कोण हा वेगळा मुद्दा. मामा स्वतः अर्जदार होऊ शकतात, किंवा त्यांनी हक्क लिहून दिला तर तुम्ही, किंवा दोघं मिळून. नोकराने काढलेला शोध आपोआप मालकाचा असं आपल्या पेटंट कायद्यात कुठे म्हटलेलं नाही, ते करारावर ठरतं. तुमच्यात तसा लेखी करार असेल असं वाटत नाही.

जुळे_सोलापूरकर

सोळाशे रुपये हे खरंच माहीत नव्हतं. पण मिळाल्यावर सांभाळायचं कसं, हा माझा प्रश्न तसाच उभा आहे.

कुर्डुवाडी_जंक्शन

धागा वाचून राहवलं नाही. आपल्या जिल्ह्याशी नातं असलेल्या एका पेटंटवाल्या इंजिनिअरचं नाव इथे आलंच पाहिजे : एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

बार्शी लाइट रेल्वे त्याची. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आमचं आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गेजची गाडी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ती ‘बार्शी लाइट’च आहे. त्या काळात छोट्या गेजची गाडी म्हणजे थोडा माल आणि मंद चाल, असं धरून चालायचे. कॅलथ्रॉपने विचार उलटा केला. रुळाला मारतो तो गाडीचा एकूण भार नाही, एकेका आसावर येणारा भार मारतो. म्हणून त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचं नाही. इंजिन जड? मग आस वाढवा. लीड्सच्या किटसनने बांधलेल्या त्या इंजिनांना आठ चाकं जोडलेली आणि मागे आणखी चार. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळावरून भरपूर माल जायला लागला. वाघिणींचे सांगाडे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे, लीड्स फोर्जचे. ती कंपनी उभारणारा सॅमसन फॉक्स स्वतः पेटंटवाला, बॉयलरची वळ्यावळ्यांची भट्टीनळी १८७७ ला त्याने पेटंट केली होती. गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून चाचणी घेतली, आणि ती बघायला ठिकठिकाणचे इंजिनिअर आले होते.

पण त्याची पेटंटची मोठी गोष्ट पुढची. १९१० ला त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, बोर्नमथला विमान कोसळून गेला. कॅलथ्रॉप त्या धक्क्याने पॅराशूटच्या मागे लागला. विमानाला बसवलेल्या डब्यात छत्री घडी घालून ठेवायची, आणि माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ती ओढली जाऊन उघडायची. १९१३ ला पेटंट, नाव ‘गार्डियन एंजल’. १९१७ ला लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ऑर्ड-लीज या अधिकाऱ्याने ती घेऊन उडी मारून दाखवली. एवढ्या कमी उंचीवरून उघडली, माणूस सुखरूप खाली. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्या वैमानिकांना ती दिली नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला मात्र वापरली. जळत्या विमानात किती पोरं गेली असतील! या माणसाचं नाव कुर्डुवाडी स्टेशनवर मोठ्या अक्षरात लागावं असं मला फार वर्षं वाटतंय.

ताई, तुमच्या प्रश्नाशी संबंध एवढाच : पेटंट मिळालं म्हणून वस्तू वापरात येतेच असं नाही. पण कागद होता म्हणून कुणी काय केलं आणि कधी केलं हे आज आपण पक्कं सांगू शकतो.

पूर्वभागवाला

आम्ही पद्मशाली, विणकर समाज, सोलापूरच्या पूर्व भागातले. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आजोबा हातमागावर. या धाग्यावर चिंतकिंदी मल्लेशम यांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

तेलंगणातल्या आलेरजवळचे, विणकराच्या घरातले. पोचमपल्लीची इकत साडी विणायच्या आधी धागा अर्धगोलातल्या खुंट्यांभोवती पुढे-मागे गुंडाळावा लागतो, त्याला आसू म्हणतात. एका साडीमागे सुमारे ९,००० वेळा हात पुढे न्यायचा आणि मागे आणायचा. हे काम घरातल्या बायकांचं. मल्लेशम यांच्या आईचा खांदा आणि कोपर त्यात गेलं. शाळा सहावीनंतर सुटलेली, तरी त्यांनी आईसाठी यंत्र करायला घेतलं. हाताच्या उसनवारीवर पैसे उभे केले, लोक नावं ठेवायला लागले, तरी सोडलं नाही. १९९९ ला यंत्र पूर्ण झालं आणि आईच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं लक्ष्मी आसू मशीन. जिथे चार-पाच तास जायचे तिथे दीड तास. पेटंट त्यांच्या नावावर आहे. २०१७ ला पद्मश्री मिळाली.

आमच्या घरांत कितीतरी बायकांनी खांदेदुखी नशिबाची म्हणून सोसली. म्हणून सांगतो, मामांना म्हणावं मागे हटू नका. गांधीनगरजवळचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन अशाच लोकांसाठी आहे. पदवी नसलेल्या शोधकांचे पेटंट अर्ज करायला ते मदत करतात. तिथे आधी लिहा.

एक दुखणं मात्र आहे. पेटंटचा अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच करावा लागतो. आमच्या पूर्व भागातला फिटर तेलुगूत विचार करतो, मराठीत बोलतो आणि लोखंडात लिहितो. त्याच्या डोक्यातलं कागदावर उतरवायला मधे माणूस लागतो, आणि तो माणूस प्रामाणिक असावा लागतो. मराठीतून अर्ज घ्यायला काय हरकत आहे?

ताणाबाणा

पूर्वभागवाले दादा, आमचे मामाही पूर्व भागातलेच. आज दुपारी मल्लेशम यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

टॉवेलटॉक

आपल्या चादरीचं पेटंट आहेच ना? मग त्यात हे बसत नाही का?

कागदपत्र

नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना आहे ते भौगोलिक मानांकन (जीआय). ते गावाच्या नावाचं संरक्षण करतं, एका माणसाच्या शोधाचं नाही. इथला कुठलाही पात्र उत्पादक त्याचा वापरकर्ता म्हणून नोंदणी करू शकतो आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत ते कायम चालू ठेवता येतं. चादरीवरची नवी नक्षी असेल तर तिसराच कायदा, डिझाइनचा : दहा वर्षं, अधिक पाच. यंत्राच्या जोडाला पेटंटच.

रंगाईवाला

यंत्रांवर इतकं लिहिलंत, कापडाचं आणि रंगाचं कुणी काढेना. आमचा धंदा रंगाईचा.

मर्सराइज्ड सूत आपण रोज घेतो. जॉन मर्सर या लँकेशायरच्या माणसाने १८५० ला पेटंट घेतलं. सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं की तंतू फुगतो, ताकद वाढते, रंग जास्त पितो. पण कापड आटायचं, आणि आटलं की तोटा, म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. पुढे चाळीसएक वर्षांनी होरेस लो याने तेच केलं, फक्त सूत ताणून धरलं. आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी चकाकी आली, जी मर्सरला मिळाली नव्हती. म्हणजे सोडा तोच, सूत तेच, फक्त ताण दिला. ताई, तुमच्या मामांचं यंत्रही ताणाचंच आहे, म्हणून हे आठवलं.

आणि चादरीचा पक्का रंग. १९०१ ला जर्मनीत बीएएसएफमध्ये रेने बोन याने इंडान्थ्रोन तयार केलं. निळ्याचा शोध चालू होता आणि धुण्याला, उन्हाला दाद न देणारं एक आख्खं कुळच हाती लागलं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक घालून विरघळेल असं करायचं, सूत त्यात बुडवायचं, मग हवा लागली की रंग धाग्याच्या आत परत घट्ट बसतो. व्हॅटमधून (रंगाच्या टाकीतून) लडी बाहेर काढल्यावर हवेत तिचा रंग पालटताना बघणं हे आमच्या कामातलं सर्वांत सुंदर दृश्य आहे. या पेटंटांची मुदत कधीच संपली, आता कुणीही करू शकतो, आणि म्हणूनच सोलापूरच्या छोट्या रंगाईवाल्यालाही पक्का रंग देता येतो.

मागमास्तर

टेक्स्टाइल शिकवतो. रंगाईवाल्यांनी शेवटी जे सांगितलं त्यालाच जोडून लिहितो, कारण माझ्या मते या धाग्यातला मुख्य मुद्दा तिथे आहे.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तू तुझी युक्ती, कारागिराला बनवता येईल इतकी उघड लिहून दे. बदल्यात वीस वर्षं दुसऱ्या कुणाला तुझ्या परवानगीशिवाय ती वापरता येणार नाही. आपण सौद्याची दुसरी बाजूच बघतो. पहिली बाजू म्हणजे जगभरच्या फिटरांनी, सुतारांनी, इंजिनिअरांनी लिहून ठेवलेली लाखो यंत्रं, आकृत्यांसकट, फुकट वाचायला. ताई, अर्जाआधी मामांबरोबर बसून हे वाचाच. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टेरी मागांसाठी डी०३डी ३९/२२ आणि ताण्याच्या ताणासाठी डी०३डी ४९/०४ असे खाने आहेत. शोधायची संकेतस्थळं म्हणजे भारतीय अर्जांसाठी इनपास, बाहेरच्यांसाठी एस्पासनेट. बीमच्या घेरावर चालणारे जोड आधी कुणी केलेले नक्कीच सापडतील. घाबरू नका. मामांच्या जोडात त्यांच्यापेक्षा वेगळं काय, हे त्यातूनच कळेल, आणि दावा तेवढ्याचाच करायचा. ओळखीचे भाग नुसते शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर पेटंट कायद्याच्या कलम ३ (एफ) खाली अर्ज फेटाळला जातो. भाग एकत्र येऊन काहीतरी नवं काम होतंय हे दाखवावं लागेल.

जुळे_सोलापूरकर, के ची गोष्ट खरी आहे, पण एकच गोष्ट धरून बसू नका. साकिची टोयोडा जपानमधल्या सुताराचा मुलगा. आई विणायची. १८८५ ला जपानमध्ये पेटंट कायदा आला, त्याने पेटून उठून हा पोरगा मागांच्या मागे लागला. १८९१ ला पहिलं पेटंट, साध्या लाकडी हातमागाचं. १९२४ ला जी टाइप स्वयंचलित माग : चालू वेगातच धोटा बदलतो, धागा तुटला की आपोआप थांबतो. १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क घेण्याचा करार केला, एक लाख पौंडांचा. ज्या लँकेशायरने के ला बुडवलं, त्याच लँकेशायरची कंपनी! त्याच सुमारास मुलगा किइचिरो मोटारींवर काम सुरू करत होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

सांभाळायचं कसं म्हणता, तर स्वतः कोर्टात लढणं हा एकच मार्ग नाही. एखाद्या माग-सुट्याभागवाल्याला परवाना द्या, तो बनवेल, नगामागे मामांना रॉयल्टी देईल, आणि नक्कल झाली तर ती थांबवण्यात त्याचाही स्वार्थ असेल. जाकारच्या वेळी तर फ्रान्सच्या सरकारने यंत्रच सार्वजनिक करून टाकलं आणि त्याला पेन्शन आणि प्रत्येक यंत्रामागे रक्कम बांधून दिली. वाटा वेगवेगळ्या आहेत.

जुळे_सोलापूरकर

सर, परवान्याचं पटलं. वडिलांना दाखवतो हा धागा. त्यांच्याकडे अजून दोन-तीन गोष्टी वहीत काढून ठेवल्यात.

पूर्वभागवाला

दादा, ती वही कुणाला दाखवू नका आधी!

ताणाबाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांशी बोलणं झालं. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करायचा, शोधक मामा, अर्जदारही मामाच. फी कारखाना भरेल. आमच्या मागांवर तो जोड वापरायची परवानगी ते आम्हाला लिहून देतील, आणि बाहेर विकला गेला तर पैसे त्यांचे. मामा आधी नको नको म्हणत होते, ‘मालकाच्या लोखंडाचं केलंय’ म्हणून. मी म्हटलं, लोखंड भंगारात पडलेलं होतं, डोकं तुमचं होतं. इनपासवर आम्ही शोधायला बसलोय. मामा आकृती बघूनच सांगतात की यात काय चालणार नाही. मजकूर मी वाचून सांगायच्या आधीच!

आता एकच शंका. मामांनी जोडाचं चित्र वहीच्या पानावर पेन्सिलने काढलंय, मापं सुताच्या (इंचाचा आठवा भाग) हिशोबात लिहिली आहेत. तेच चालेल का?

कागदपत्र

चित्र तेच, पण परत काढून घ्या. ए-फोर कागद, वर आणि डावीकडे चार सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे तीन सेंटिमीटर समास. काळी, ठळक रेघ. भागांची नावं चित्रावर लिहायची नाहीत, आकडे द्यायचे आणि तेच आकडे तपशिलात वापरायचे. मापांची गरज नाही, उलट एका मापात अडकलात तर दुसरा कुणी माप बदलून सुटेल. बाजूने, वरून आणि बीम भरलेला व रिकामा अशा दोन्ही स्थितींतलं असं काढा, म्हणजे हालचाल कळेल. मामांची मूळ पेन्सिलची वही तारीख टाकून, सही करून जपून ठेवा. तपशिलाचा मसुदा झाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे टाकू नका. मामांना काही विचारायचं असेल तर तेलुगू येणारी माझी एक सहकारी आहे, तिला फोनवर घेऊ.